सिनेमातली माणसं कामावर कधी जातात?

माझी एक जुनी तक्रार आहे. सिनेमातल्या माणसांना नोकरी असते असं नुसतं सांगतात, ती करताना कुणी दिसत नाही. हिरो आर्किटेक्ट असला की काखेत कागदाची गुंडाळी, हिरॉइन डॉक्टर असली की गळ्यात स्टेथोस्कोप, झालं काम. दुपारी तीन वाजता दोघं समुद्रावर फिरतात, आणि हाफ डे टाकला का म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. कोर्टाचं तर बोलायलाच नको. मी तेहतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. एवढ्या वर्षांत जजसाहेबांच्या हातात हातोडा पाहिला नाही, की कुणी शेवटच्या मिनिटाला दार ढकलून 'ठहरिये' म्हणत आत आलेलं पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच: बोर्डावर चाळीस मॅटर, पट्टेवाल्याचा पुकारा, एक पार्टी गैरहजर, दुसरीचा वकील शेजारच्या कोर्टात अडकलेला, पुढची तारीख.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. म्हाडाची चार मजली बिल्डिंग, वर मोकळी गच्ची. दोन वर्षांपूर्वी भाच्याने नवीन प्रोजेक्टर घेतला आणि जुना मला दिला. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गच्चीवर सिनेमा असतो. पडदा म्हणजे डबल बेडची पांढरी चादर, स्पीकर गणपती मंडळाचा, हायवेवरचे हॉर्न फुकट. निवड माझ्याकडे आली, कारण रिटायर माणूस रिकामा असतो असा सोसायटीचा समज आहे. मी एकच अट घातली. सिनेमातली माणसं पोटासाठी काय करतात ते दिसलं पाहिजे, आणि ज्याने ते काम स्वतः केलंय त्याला ते पटलं पाहिजे. शिवाय सिनेमा बिल्डिंगमधल्या बहुतेकांनी न पाहिलेला हवा. मध्यंतरात चहा होतो. चहानंतर किती खुर्च्या पुन्हा भरतात, तो माझा निकाल. त्या निकालावर टिकलेले सिनेमे खाली सांगते.

पहिला अर्थातच 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा. २०१४ साली व्हेनिसला दोन बक्षिसं, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, पुढे ऑस्करसाठी भारताने हाच पाठवला. इतकं सगळं होऊन आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो पाहिलेला एक माणूस निघाला नाही. बक्षीसवाला मराठी सिनेमा म्हणजे काढा, नाक दाबून प्यायचा, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर आहे. मुलांच्या शिकवण्या घेतो, वस्तीत जाऊन गातो. मॅनहोलमध्ये उतरणारा एक सफाई कामगार मरतो, आणि पोलिसांचं म्हणणं असं की याच्या गाण्यामुळे त्याने जीव दिला. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला उभा राहतो. शाहीर झालेत वीरा साथीदार. ते नट नव्हते, नागपूरचे कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले. गाणी संभाजी भगतांची. ती ऐकून आमच्याकडची कॉलेजची पोरं पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून बसली.

पण माझा जीव अडकला तो टायपिस्टमध्ये. साक्षीदार पाच मिनिटं बोलतो, जज ऐकून घेतात आणि टायपिस्टकडे मान वळवून त्याचं दोन ओळींत सांगतात. तेवढंच रेकॉर्डवर जातं. बाकीची चार मिनिटं हवेत. हे मी आयुष्यभर केलं हो! सुरुवातीला गोदरेजच्या टाइपरायटरवर, मध्ये दोन कार्बन घालून, नंतर कॉम्प्युटरवर. एखादी बाई नवऱ्याने कसं मारलं ते सांगता सांगता थांबायची, पाणी प्यायची, पदराने तोंड पुसायची, आणि उलटतपासणीच्या शेवटी कागदावर काय उतरायचं? 'मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.' प्रत्येकीच्या साक्षीत हेच वाक्य. ते माझी बोटं झोपेतही टाइप करतील. सिनेमात ते सांगणं आणि खटखट सुरू झाली तसा माझा उजवा हात मांडीवर हलायला लागला. सुनेने बघितलं, पण काही बोलली नाही.

सरकारी वकील झाली आहे गीतांजली कुलकर्णी. तिला खलनायिका केलेलं नाही, हे मला फार आवडलं. कायद्याची कलमं ती किराणामालाची यादी वाचावी तशी एका सुरात वाचते. संध्याकाळी लोकलमध्ये बसून ओळखीच्या बाईशी साडीवर नि तेलावर बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. नवरा टीव्हीसमोर. अशा बायकांबरोबर मी डबा खाल्ला आहे. समोरच्या आरोपीची वीस वर्षं तिच्या हातात आहेत आणि तिला काळजी आहे कुकरची. दोन्ही खरं असतं.

मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते तो प्रसंग मात्र नीट कान देऊन ऐका. तिला विचारतात, नवरा काम कसं करायचा. ती सांगते की मॅनहोलमध्ये उतरण्याआधी तो आतली झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. झुरळं जिवंत, म्हणजे आत हवा आहे. ना मास्क, ना दोरी, झुरळाच्या भरवशावर खाली उतरायचं. बाई हे रडत नाही सांगत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. पहिल्या मजल्यावरचे भाऊ सफाई खात्यातून निवृत्त झालेत. ते मागच्या रांगेतून एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." त्या रात्री चहाला कुणी उठलंच नाही. चहा गार झाला आणि मला दुसऱ्यांदा करावा लागला.

एक सूचना. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, एकेक करून दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. आमच्याकडे टाळ्या पडल्या, दोघं खुर्च्या घड्या करायला लागले. मी म्हटलं, बसा. पुढे जजसाहेबांची सहल आहे, आणि ती बघितल्याशिवाय उठलात तर खटला अर्धाच पाहिलात. उणीवही सांगते. बचाव पक्षाच्या वकिलाचं घरचं आयुष्य मला जरा लांबलं असं वाटलं. आणि कॅमेरा हलत नाही. बाकावर बसून आपली तारीख निघायची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो एका जागी बसून राहतो. मला ते योग्य वाटलं, माझ्या जावयाला झोप आली.

त्याच ओघात पुढच्या महिन्यात 'मोहन जोशी हाजिर हो' लावला. सईद मिर्झांचा हिंदी सिनेमा, १९८४चा. म्हातारा-म्हातारी चाळीच्या दुरुस्तीसाठी घरमालकावर दावा लावतात आणि वर्षानुवर्षं तारखा घेत राहतात. म्हातारा म्हणजे 'तमस'वाले लेखक भीष्म साहनी, म्हातारी दीना पाठक, घरमालक अमजद खान. नसीरुद्दीन शाह आणि सतीश शाह हे दोघे जोशींचे वकील. अशिलाला चहा पाजतात आणि त्याचेही पैसे लावतात, अशी जोडी. हा सिनेमा विनोदी आहे हे ध्यानात ठेवून बघा, नाहीतर पहिली वीस मिनिटं सगळे इतके ओरडून का बोलतात असा प्रश्न पडेल. आमच्याकडे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, त्यामुळे गच्ची खच्चून भरली होती. घरमालकाच्या प्रत्येक वाक्याला मागून कुणीतरी कुणाचं तरी नाव घेत होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. शेवट सांगत नाही, फक्त इमारतीला लावलेल्या टेकूंवर लक्ष ठेवा.

आता 'दिशा'. सई परांजपे म्हटलं की लोक 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' अशी नावं घेतात आणि थांबतात. १९९०च्या 'दिशा'चं नाव काढलं की, हो का, त्यांचा आहे का, असं विचारतात. नाना पाटेकर, ओम पुरी, रघुवीर यादव, शबाना आझमी, निळू फुले एवढी माणसं एका सिनेमात, आणि तरी ही गत! गावातली माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरणीत येतात आणि एका गाळ्यात दाटीवाटीने राहतात. तिकडे गावात एक वेडा माणूस, ओम पुरी, बारा वर्षं विहीर खणतोय. लोक हसतात, तो खणतो.

हा सिनेमा मी स्वतःसाठी लावला. माझे वडील करी रोडच्या गाळ्यात अकरा वर्षं राहिले, आईला गावाहून आणायच्या आधी. गाळा म्हणजे एक खोली, तिच्यात तीस-चाळीस पुरुष. एकाची रातपाळी सुरू झाली की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी, खुंटीखाली ट्रंक, तेवढं त्याचं घर. जेवण खानावळीत. घरी हे सगळं गंमत म्हणून सांगायचे. 'दिशा' बघताना पहिल्यांदा मनात आलं की चाळीस माणसांच्या खोलीत माणूस पत्र कुठे बसून लिहीत असेल? आईला आलेली त्यांची पत्रं पेन्सिलीने लिहिलेली आहेत आणि ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात. मला वाटायचं, शिक्षण कमी म्हणून. मांडीवर कागद ठेवून लिहिलं की ओळ अशीच जाते, हे स्टेनो असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आमच्याकडे एक आजोबा आहेत, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तो दिवस त्यांना वारासकट आठवतो. संपानंतर कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत, आजोबांच्या गिरणीचाही नाही. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांची खुर्ची पडद्यापासून हातभर लांब ठेवली होती. गाळ्याचा पहिला प्रसंग आला तसे ते वाकून भिंत बघायला लागले. मध्यंतरात म्हणाले, "आमच्यात त्रेचाळीस माणसं होती बाई, आणि खुंट्या चाळीस. नव्याने आलेल्या तिघांनी कपडे अंगावरच ठेवायचे." निळू फुल्यांना पडद्यावर नुसतं साधं, थकलेलं माणूस म्हणून बघायला त्यांना फार बरं वाटलं. वाड्यावर बोलावणारे निळूभाऊ त्यांना कधीच आवडले नव्हते. माझ्याकडची प्रत धूसर होती आणि मधेच आवाज जायचा. तरी खुर्च्या पूर्ण भरल्या. सिनेमाचं म्हणाल तर उत्तरार्धात सईबाई गावाकडे जरा घाईने वळतात, आणि सिनेमा हिंदीत असल्यामुळे काही संवाद उपरे वाटतात. ही माणसं आपापसात मराठीत बोलणार, हे आमच्या कानांना माहीत आहे ना.

'द डिसायपल' लावला आणि हरले. हाही ताम्हाणेचाच. व्हेनिसला २०२० साली पटकथेचं बक्षीस मिळालं, नेटफ्लिक्सवर आहे. शास्त्रीय संगीत शिकणारा एक मुलगा, शरद नेरुळकर. खूप मेहनत घेतो, गुरूंची सेवा करतो, आणि तरीही तो मोठा गवई होणार नाही हे हळूहळू आपल्याला कळायला लागतं, त्याला मात्र कळत नाही. चहानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. वरच्या मजल्यावरची ताई म्हणाली, "मावशी, तुम्ही आम्हाला शिक्षा केली." तरीही मी हा सिनेमा सांगणार, माझ्याच नियमाच्या विरुद्ध जाऊन. कारण शरदची नोकरी. जुन्या रेकॉर्डिंगच्या कॅसेट घेऊन त्यांच्या सीडी करण्याचं काम तो करतो आणि मैफलीच्या बाहेर टेबल मांडून त्या विकतो. ज्यांच्यासारखं आपल्याला कधी गाता येणार नाही, त्यांचं गाणं दिवसभर कानात घालून साफ करत बसायचं. हाताला मिळालेलं काम असं रोज थोडं थोडं चावतं. गाणारा आदित्य मोडक आणि गुरू झालेले अरुण द्रविड, दोघेही खरे गायक आहेत, त्यामुळे तानपुरा हातात घेताना बोटं खोटी वाटत नाहीत.

रात्री शरद मोकळ्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो आणि कानात माईंचं जुनं व्याख्यान चालू असतं. माई म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरू. त्या पडद्यावर कधीच येत नाहीत, फक्त आवाज. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. त्या १९ एप्रिल २०२१ला गेल्या आणि सिनेमा ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. हे माहीत असल्यामुळे मला ते प्रसंग वेगळेच ऐकू आले. गच्चीवर लावू नका. एकट्याने, हेडफोन लावून, रात्री दहानंतर बघा.

'पिकासो' मात्र बिनधास्त लावा. सव्वा तासाच्या आसपास संपतो. अभिजित वारंगचा, प्राइम व्हिडिओवर २०२१ साली आला. कोकणातला दशावतारी बाप, दारूत बुडालेला, आणि चित्रकलेत पुढे निघालेला पोरगा. बाप प्रसाद ओक. दशावतारी नटाबद्दल म्हणतात ना, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, त्या म्हणीचाच सिनेमा. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे मालवण-कुडाळचे, त्यामुळे मला बोलायची संधीच मिळाली नाही. पेटी चुकली की नाही यावर जिन्यात अकरा वाजेपर्यंत वाद चालला.

'स्थळ' हा जयंत सोमलकरचा सिनेमा, चंद्रपूरकडचा, २०२५च्या मार्चमध्ये थिएटरला लागला होता आणि आमच्यापैकी कुणीही गेलं नव्हतं. सुरुवातीलाच बायकांचा घोळका बसलाय आणि मुलगा पाटावर बसून उत्तरं देतोय: नाव, उंची, शिक्षण, छंद. गच्चीवर हशा. मग कळतं की ते त्या मुलीचं स्वप्न आहे, आणि पुढे तेच प्रश्न तिला पुन्हा पुन्हा विचारले जातात, पोहे बदलतात, पाहुणे बदलतात. तिसऱ्या वेळेपासून हसू बंद. तुमची नोकरीची अट इथे कुठे बसते, असं सुनेने विचारलं. म्हटलं, बसणं हेच काम आहे की, आणि पगार नाही. शिवाय मुलीचा बाप कापूस पिकवणारा शेतकरी आहे. कापसाचा भाव आणि पोरीचं लग्न एकाच वहीत कसं लिहिलेलं असतं, ते या सिनेमाइतकं सरळ मी कुठे पाहिलेलं नाही. गच्चीवरच्या चारही लग्नाळू मुली शेवटपर्यंत बसल्या, त्यांच्या आया मात्र दोनदा पाणी आणायला गेल्या.

'गमन'चं थोडक्यात. मुजफ्फर अलींचा, १९७८चा, फारूक शेख मुंबईत टॅक्सी चालवायला आलेला आणि स्मिता पाटील गावाकडे वाट बघणारी. 'सीने में जलन' सगळ्यांना पाठ, सुरेश वाडकरांच्या आवाजामुळे. ते गाणं कुठल्या सिनेमातलं, हे दहातल्या दोघांना माहीत. जयदेवना याच संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फियाट टॅक्सी २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तिला पोटभर बघायचं असेल तर इथे बघा. गोष्ट फारशी पुढे सरकत नाही, ट्रॅफिकमधल्या टॅक्सीसारखी. मला चाललं.

पुढच्या शनिवारी 'एक कप च्या' आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २००९चा. कोकणातला एसटी कंडक्टर, किशोर कदम, त्याला विजेचं भलतंच मोठं बिल येतं, आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. सरकारी कागद कसा लिहितात, कुठे अडतो आणि कुठल्या टेबलावरून हलतो, यात मला रस असणारच. वीज बिलावरून आमच्याकडेही दोघांचं भांडण चालू आहे, तेही येणार म्हणालेत.

परवा जिन्यात चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. बेस्टमध्ये कंडक्टर होते, आता गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर फारसे चढत नाहीत. त्यांनी मला थांबवून विचारलं, "त्यात कंडक्टर तिकीट फाडताना दाखवलाय, की नुसती पिशवी अडकवून फिरतोय?" म्हटलं, या आणि तुम्हीच सांगा. काल त्यांच्या मिसेस खाली आल्या होत्या. म्हणाल्या, काकांनी माळ्यावरून ट्रंक काढायला लावली, आणि दुपारपासून घरात पंचची टिकटिक चालू आहे.